पिकतं तिथे विकताना

(जूनो पुरस्कारांच्या पहिल्या तीस वर्षांवरील पुस्तकाची प्रस्तावना)

ग्रॅमीवर पुस्तक लिहिणाऱ्याला ‘का?’ असं कुणी विचारत नाही. जूनोवर लिहितोय म्हटलं की आधी ‘ते काय असतं?’ आणि पाठोपाठ ‘मग त्यावर कशाला?’ असे दोन प्रश्न येतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जूनो हे कॅनडाच्या संगीत-व्यवसायाचे राष्ट्रीय पुरस्कार. १९७१ पासून ते या नावाने दिले जातात आणि १९८८ चा अपवाद सोडला तर पुढच्या तीन दशकांत त्यांत खंड पडला नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र अख्खं पुस्तक लागलं.

अमेरिकेला ग्रॅमी देताना ‘हे गाणं आपलंच ना?’ असं कधी विचारावं लागलं नाही. जगभर वाजतं ते आपलंच, अशी त्यांची खात्री. कॅनडाला तो प्रश्न पहिल्या दिवसापासून चिकटला. तो सोडवायला नियम केले, टक्केवारी ठरवली, पुरस्कार काढले. आणि ‘हे गाणं आपलं का?’ याचा निकाल लावता लावता गाडी ‘हा माणूस आपला का?’ यावर येऊन अडली. तिथून ती अजून पुरती सुटलेली नाही. म्हणूनच जूनोचा इतिहास विजेत्यांच्या यादीत शोधू नये असं माझं मत झालं आहे. ती यादी खरं तर कंटाळवाणी आहे. ॲन मरे, ॲन मरे, पुन्हा ॲन मरे; एकूण २४ वेळा. खरा इतिहास आहे तो ज्यांनी पुरस्कार परत पाठवला, ज्यांनी घ्यायला नकार दिला आणि ज्यांच्यापाशी येऊन नियमांची पंचाईत झाली, त्यांच्याकडे.

आधी नकाशा बघू. कॅनडा अवाढव्य देश, पण त्यातली बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात. टोरांटोसमोर सरोवर, पलीकडे थोड्या अंतरावर अमेरिकेचं बफेलो. विंडसरच्या समोर नदी आणि नदीपल्याड थेट डेट्रॉइट. साठच्या दशकात टोरांटोची पोरं बफेलोची स्टेशनं ऐकत मोठी झाली. विंडसरचं सीकेएलडब्ल्यू हे ५० हजार वॉटचं स्टेशन तर कॅनडात बसून मुख्यतः अमेरिकेसाठीच वाजायचं. डेट्रॉइटपासून क्लीव्हलंडपर्यंत त्याचे श्रोते. अशा स्थितीत कॅनडाच्या स्टेशनवर कॅनडाचं गाणं लावायचं कुणी? गाणं अमेरिकेच्या यादीत चढलं की मग आपण लावू, असा तिथल्या कार्यक्रम-प्रमुखांचा हिशेब असे. पिकतं तिथे विकत नाही, हे आपण म्हणीत म्हणतो. तिथे तो धंद्याचा नियमच झाला होता. मग गाणारे काय करणार? निघून गेले. नील यंग १९६६ मध्ये एका जुन्या शववाहिकेत गिटार टाकून लॉस एंजेलिसला गेला. जोनी मिशेल गेली. ‘द बँड’ नावाने अमेरिकेच्या ग्रामीण संगीताचा जणू आत्मा म्हणून गाजलेल्या पाच जणांपैकी चार कॅनडाचे होते, हे आजही पुष्कळ अमेरिकनांना ठाऊक नसतं.

या पार्श्वभूमीवर १९६४ च्या फेब्रुवारीत टोरांटोत ‘आरपीएम’ नावाचं एक छोटं व्यावसायिक साप्ताहिक निघालं. काढणारा वॉल्ट ग्रीलिस. हा आधी पोलिसात होता, मग रेकॉर्ड कंपनीत आला. त्याचा मित्र स्टॅन क्लीस हा रेकॉर्ड-निर्माता. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी वाचकांकडून कौल मागवला, की यंदाचे आपले उत्तम गायक कोण? वाचक म्हणजे सामान्य श्रोते नव्हेत. रेडिओवाले, रेकॉर्ड विकणारे, कंपन्यांची माणसं. निकाल अंकात छापला आणि काम संपलं. ना सोहळा, ना भाषण. सोहळा व्हायला १९७० साल उजाडलं. टोरांटोच्या सेंट लॉरेन्स हॉलमध्ये व्यवसायातली मंडळी जमली आणि क्लीसने स्वतः आखलेलं अक्रोडाच्या लाकडाचं मानचिन्ह हातोहात दिलं गेलं. मानचिन्हाचा आकार मेट्रोनोमचा, म्हणजे टिकटिक करत लय दाखवणाऱ्या त्या उभट यंत्राचा. त्याची उंची जवळपास दोन फूट. शोकेसच्या फळीत सहज मावणारं नव्हे.

पुढच्या वर्षी नाव बदललं. नव्या नावासाठी वाचकांकडून सूचना मागवल्या, त्यात एक आली ती पिएर जूनो या गृहस्थांच्या आडनावाची. हे गृहस्थ गायक नव्हते, वादक नव्हते, संगीतकारही नव्हते. कॅनडाच्या रेडिओ-टीव्ही नियामक मंडळाचे ते पहिले अध्यक्ष होते. सरकारी अधिकाऱ्याचं नाव संगीताच्या पुरस्काराला, आणि तेही कलाकारांच्या व्यवसायाने आपण होऊन दिलेलं! फ्रेंच आडनावाची लिहिण्याची पद्धत जरा सोपी केली की ते रोमन देवतेचं नाव होतं, ही सोयही झाली. पण देवता नंतरची, आधी साहेब.

साहेबांनी असं केलं काय होतं? १८ जानेवारी १९७१ पासून त्यांच्या मंडळाने नियम लागू केला, की एएम रेडिओ स्टेशनांनी वाजवलेल्या गाण्यांपैकी किमान ३० टक्के गाणी कॅनडाची असली पाहिजेत. पुढच्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, जूनो या नावाने पहिला सोहळा झाला. नियम आणि पुरस्कार ही जुळी भावंडं आहेत, आणि एकाला वगळून दुसऱ्याबद्दल लिहिणारे अर्धीच गोष्ट सांगतात.

३० टक्के ठीक; पण ‘कॅनडाचं गाणं’ ओळखायचं कसं? इथे पुन्हा स्टॅन क्लीस. त्याने चार कसोट्या काढल्या : संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द. चारांपैकी दोन कॅनडाच्या भरल्या की गाणं कॅनडाचं. या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘मेपल’ तयार होतं, म्हणजे झेंड्यावरच्या पानाचं झाड. त्या काळातली एखादी कॅनेडियन तबकडी हातात आली तर लेबलावर बारकाईने बघा. एक छोटं वर्तुळ, त्याच्या चार फोडी, प्रत्येकीत एक अक्षर. कसोटी भरलेली फोड काळी आणि अक्षर पांढरं. न भरलेली पांढरी आणि अक्षर काळं. स्टुडिओत बसलेल्या निवेदकाला गाणं ऐकायचीही गरज नाही. काळ्या फोडी मोजायच्या आणि तबकडी लावायची.

मराठी वाचकाला इथे बाळकृष्ण केसकर आठवतील. १९५२ मध्ये केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली, अमीन सयानी घराघरांत पोचले, आणि शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. रेडिओवर काय वाजावं हे दोन्हीकडे सरकारने ठरवलं, पण प्रश्न निराळे होते. केसकरांचा प्रश्न होता, गाणं अभिरुचीचं आहे का? जूनोंचा प्रश्न होता, गाणं कुणी बनवलं? गाणं चांगलं की वाईट यात ते पडलेच नाहीत. सरकारने गाण्यात लक्ष घालायचंच असेल तर दुसरा प्रश्न विचारावा, हे मला या अभ्यासातून पटलं. अभिरुचीवर अपील नसतं. हिशेबावर वाद तरी घालता येतो.

वाद झालेच. स्टेशनवाले म्हणाले, वाजवायला एवढ्या चांगल्या रेकॉर्ड आहेत कुठे? काहींनी पळवाट काढली; कॅनडाची गाणी उशिरा रात्री किंवा पहाटे लावून टक्केवारी भरायची. बीव्हर हा तिथला राष्ट्रीय प्राणी, म्हणून या वेळेला ‘बीव्हर अवर’ असं चेष्टेने म्हणत. काहींनी दोनचार खात्रीची नावं धरली आणि तीच उगाळली. नोव्हा स्कोशियातल्या स्प्रिंगहिल या कोळशाच्या खाणींच्या गावातून आलेली, काही काळ शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलेली ॲन मरे आणि ऑन्टारिओतल्या ऑरिलियाचा गॉर्डन लाइटफूट ही दोघं इतकी वाजली की लोक वैतागले. मरेचं ‘स्नोबर्ड’ १९७० मध्ये, म्हणजे नियमाच्या आधीच, अमेरिकेतही गाजलं होतं. तेव्हा ती नियमामुळे मोठी झाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण नियमाने तिला रोजची केली, आणि रोजच्या माणसावर लोक चिडतात.

या पहिल्या चारपाच वर्षांचं प्रकरण मी आटोपशीर ठेवलं आहे, कारण तेव्हा सोहळा हा घरचाच कार्यक्रम होता. तो देशाचा झाला २४ मार्च १९७५ ला. सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने टोरांटोच्या क्वीन एलिझाबेथ थिएटरमधून तो पहिल्यांदा टीव्हीवर दाखवला. कारभारही एका साप्ताहिकाच्या हातून नव्याने स्थापन झालेल्या अकादमीकडे गेला. सूत्रसंचालक कोण होता? पॉल अँका. मूळचा ओटावाचा खरा, पण विशीच्या आतच अमेरिकेत गाजलेला. आपलं गाणं आपल्या घरी, असं देशाला पहिल्यांदा पडद्यावर सांगायला अमेरिकेत नाव काढलेला माणूस बोलवावा लागला. आयोजकांना यात काही खटकलं नसावं. एका माणसाला मात्र असल्या गोष्टी खटकत होत्या.

त्याचं नाव टॉम कॉनर्स. १९३६ मध्ये न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनला जन्मला. लहानपणीच आईपासून तुटला आणि प्रिन्स एडवर्ड बेटावर स्किनर्स पाँड नावाच्या खेड्यात एका कुटुंबात वाढला. पोरवयातच पळाला आणि गिटार घेऊन, रस्त्यावर अंगठा दाखवून मिळेल त्या गाडीने वर्षानुवर्षं देशभर भटकला. १९६४ मध्ये उत्तर ऑन्टारिओतल्या टिमिन्स या खाणकामगारांच्या गावी तो ‘मेपल लीफ’ हॉटेलात शिरला. बिअरच्या पेल्याला त्याच्याकडे पाच सेंट कमी होते. गाणं म्हण, मग देतो, असं बारवाल्याने सांगितलं. त्या पेल्यावर त्याचा तिथला मुक्काम वर्षभराहून जास्त लांबला. पिणाऱ्यांच्या गोंगाटात ठेका ऐकू यावा म्हणून तो डाव्या पायाने जमीन बडवायचा. हॉटेलमालक जमिनीच्या नासाडीवरून कुरकुरू लागले, तेव्हा पायाखाली प्लायवूडचा तुकडा घेऊ लागला. बडवून बडवून त्या तुकड्याच्या ढलप्या उडत, आणि लोक गाण्याइकतेच त्यावर खूश असत. १ जुलै १९६७ ला, म्हणजे देशाच्या शताब्दीच्या दिवशी, पीटरबरोच्या एका पिण्याच्या गुत्त्यात त्याला ‘स्टॉम्पिन टॉम’ असं पुकारलं गेलं, आणि तेच नाव पडलं.

त्याची गाणी म्हणजे कॅनडाचा भूगोल. ‘बड द स्पड’ बेटावरचे बटाटे ऑन्टारिओला नेणाऱ्या ट्रकचालकाचं. ‘सडबरी सॅटरडे नाइट’ निकेलच्या खाणीतल्या मजुरांच्या शनिवार रात्रीचं. हॉकीवरचं त्याचं गाणं आज देशभरच्या मैदानांत वाजतं. यातलं एकही गाणं अमेरिकेत विकलं जाण्याची शक्यता नव्हती आणि त्याला त्याची फिकीरही नव्हती. १९७१ ते १९७५ या काळात त्याने सहा जूनो मिळवले. १९७८ मध्ये सहाच्या सहा त्याने परत पाठवले.

त्याचं म्हणणं सरळ होतं. जे देश सोडून अमेरिकेत गेले, तिथेच राहतात, तिथेच कमावतात, त्यांना हा पुरस्कार देऊ नका. इथे राहून, इथल्या थंडीत, इथल्या गावोगाव फिरून जे गातात, त्यांच्यासाठी तो आहे. सीमा ओलांडणाऱ्यांसाठी त्याने वापरलेला शब्द बोचरा होता. त्याने गाणं थांबवलं, कार्यक्रम थांबवले आणि जवळपास दशकभर रुसून बसला. १९८८ च्या ‘फिडल अँड साँग’पर्यंत त्याची नवी रेकॉर्ड आली नाही. हे हटवादीपणाचं होतं का? होतं. पण एक गोष्ट बघा. त्याच १९७८ मध्ये जूनोने ‘हॉल ऑफ फेम’ सुरू केलं. पहिले दोन मानकरी, मॉन्ट्रियलचा पियानोवादक ऑस्कर पीटरसन आणि बँडनायक गाय लोंबार्डो. लोंबार्डो जन्मला ऑन्टारिओतल्या लंडनला, पण त्याची बहुतेक हयात न्यूयॉर्कमध्ये गेली; अमेरिकेचं नववर्ष कित्येक दशकं त्याच्या बँडच्या सुरांवर उजाडत असे. ज्या वर्षी स्टॉम्पिन टॉमची सहा मानचिन्हं परत आली, त्याच वर्षी लोंबार्डोचा सन्मान! कादंबरीत असं लिहिलं असतं तर ओढूनताणून आणलंय, असं म्हटलं असतं.

अकादमीने टॉमचं ऐकलं नाही, आणि मला वाटतं, ऐकलं नाही तेच बरं. ऐकलं असतं तर हॉल ऑफ फेम ओस पडला असता. त्यानंतर १९८१ मध्ये जोनी मिशेल, १९८२ मध्ये नील यंग, १९८९ मध्ये ‘द बँड’. म्हणजे जे जे गेले, त्यांना देशाने एकेक करून परत बोलावलं, माहेरवाशिणीची ओटी भरावी तसं. लेनर्ड कोहेन १९९१ मध्ये आला. दोन वर्षांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम पुरुष गायक ठरवलं, तेव्हा माझ्यासारख्या आवाजाला हे बक्षीस फक्त याच देशात मिळू शकतं, अशा अर्थाचं तो मंचावरून बोलला. त्या टोल्यात जूनोवरची सगळी माया आणि सगळी थट्टा एकत्र आली आहे.

ऐंशीच्या दशकात सोहळा फुगला, केसही फुगले. त्या काळाबद्दल माझं फारसं चांगलं मत नाही, आणि ते प्रकरण वाचताना कळेलच. पण १९८५ च्या नोव्हेंबरातली एक गोष्ट राहून चालणार नाही. अल्बर्टाच्या माळरानावरच्या कन्सॉर्ट या खेड्यातली के. डी. लँग हिला उगवती गायिका म्हणून पुरस्कार जाहीर झाला. नाव पुकारताच ती पांढऱ्या शुभ्र लग्नाच्या पोशाखात, डोक्यावरून जाळीची ओढणी सोडून, धावत मंचावर आली आणि लग्नातल्या शपथांसारखी एकेक वचनं देत सुटली. केस आखूड, चाल पुरुषी, गाणं ग्रामीण कंट्री. ‘कंट्री’वाल्यांना ती कोणत्या खणात ठेवायची हेच कळेना. त्याच वर्षी रेगे आणि कॅलिप्सोसाठी, तसंच सोल आणि आर अँड बीसाठी वेगळे विभाग निघाले आणि दोन्हींत लिबर्टी सिल्व्हर या कृष्णवर्णीय गायिकेचं नाव लागलं. कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं टोरांटोत केव्हाची गात होती. पुरस्काराला ती ऐकू यायला १९८५ साल उजाडावं लागलं.

यानंतर रॉक गायक ब्रायन ॲडम्स. त्याच्यापाशी येऊन नियमाची बोटं अडकली. १९९१ मध्ये त्याचं ‘वेकिंग अप द नेबर्स’ आलं. त्यातलं रॉबिन हूडच्या चित्रपटातलं प्रेमगीत ब्रिटनमध्ये सलग सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्या वर्षी ते गाणं तुम्ही ऐकलं नाही असं शक्य नाही; मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतल्या गॅदरिंगमध्येही ते गायलं गेलंय. कॅनडाच्या रेडिओच्या दृष्टीने मात्र ते कॅनडाचं नव्हतं! ॲडम्सने ते ‘मट’ लँग या दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या निर्मात्याबरोबर लिहिलं होतं, म्हणून संगीताची फोड पांढरी आणि शब्दांचीही पांढरी. ध्वनिमुद्रण मुख्यतः परदेशात, ती फोडही गेली. उरली एक काळी फोड, कलाकाराची. चारांत एक. नापास. ॲडम्स १९९२ च्या जानेवारीत भडकून बोलला आणि देशभर वर्तमानपत्रांत रान उठलं. त्याच वर्षी जूनोने मात्र त्याला वर्षाचा मनोरंजनकार ठरवलं, कारण जूनोची कसोटी वेगळी होती. माणूस कॅनडाचा असला की पुरे. म्हणजे एकाच वेळी गाणं परकं आणि गाणारा आपला! पुढे नियमात दुरुस्ती झाली. परक्याबरोबर लिहिलं तरी कॅनडाच्या माणसाला निम्मं श्रेय असेल तर ते चालेल, असं ठरलं.

या ‘मट’ लँगची एक गंमत इथेच सांगतो, कारण पुढल्या प्रकरणांत ती विखुरली गेली आहे. १९९३ मध्ये त्याचं शनाया ट्वेनशी लग्न झालं. शनाया कुठली? टिमिन्सची. स्टॉम्पिन टॉमला ज्या गावाने पाच सेंटांसाठी गायला लावलं, त्याच गावात ती वाढली, त्याच भागातल्या बारमध्ये लहानपणी गायली आणि पुढे नॅशव्हिलला गेली. तिथे लँगबरोबर बनवलेल्या रेकॉर्ड जगभर कोट्यवधींनी विकल्या गेल्या आणि जूनोही तिच्याकडे चालत आले. टॉम ज्यांच्यावर चिडला होता, त्यांत हिच्याहून चपखल उदाहरण नाही. आणि तरी टिमिन्समध्ये कुणाला विचारलं असतं, तर दोघंही आमचीच, असंच उत्तर मिळालं असतं.

नव्वदीत दोन तऱ्हेची प्रसिद्धी शेजारी शेजारी नांदली. एकीकडे सेलीन डिऑन, शनाया, अलॅनिस मॉरिसेट. जग पादाक्रांत करणाऱ्या. दुसरीकडे किंग्स्टनचा ‘द ट्रॅजिकली हिप’. स्वतःच्या देशात स्टेडियम भरवणारा आणि सीमेपलीकडे जेमतेम ओळखला जाणारा. माझा कल कुणाकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. हिपवर दोन प्रकरणं आहेत.

क्वेबेकची गोष्ट वेगळीच आहे आणि ती मी मुद्दाम थोडक्यात ठेवली आहे. फ्रेंच भाषकांनी १९७९ मध्ये आपले ‘फेलिक्स’ पुरस्कार काढले आणि जूनोकडे फारसं बघितलंच नाही. १९९० च्या फेलिक्स सोहळ्यात सेलीन डिऑनला ‘युनिसन’ या इंग्रजी रेकॉर्डसाठी इंग्रजी भाषक कलाकाराचा पुरस्कार जाहीर झाला. ती मंचावर आली आणि मी इंग्रजी भाषक कलाकार नाही, असं सांगून तिने तो नाकारला. पुढच्या मार्चमध्ये त्याच ‘युनिसन’ला व्हँकूव्हरमध्ये जूनोचा वर्षातल्या सर्वोत्तम आल्बमचा मान मिळाला, आणि तो तिने आनंदाने घेतला. दोन्ही वेळा ती बरोबर होती.

त्या व्हँकूव्हरच्या सोहळ्यात आणखी एक गोष्ट पहिल्यांदा घडली, आणि या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग त्या धाग्यावर आहे. जूनो पहिल्यांदा टोरांटोबाहेर गेला होता आणि रॅपचा विभाग पहिल्यांदा सुरू झाला. विजेता मास्ट्रो फ्रेश-वेस. टोरांटोच्या गयानी घरातला पोर. त्याचं ‘लेट युअर बॅकबोन स्लाइड’ तेव्हा गाजत होतं. आता कृष्णवर्णीयांच्या संगीताला जागा मिळाली असं वाटावं, तर नेमक्या त्याच सुमारास दुसरीकडे काय झालं बघा. टोरांटोत डेनम जॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा संगीतासाठी एफएम स्टेशनचा परवाना मागितला होता. पिएर जूनोंनी घडवलेल्या त्याच नियामक मंडळाने १९९० मध्ये तो नाकारला आणि कंट्री संगीताच्या स्टेशनला दिला. देशातल्या सगळ्यात मोठ्या शहरात रॅपला पुरस्कार होता, रेडिओ नव्हता. नियम तीस टक्के कॅनडाची गाणी वाजवा म्हणत होता. कुठल्या कॅनडाची, यावर तो गप्प होता.

१९९८. सोहळा पुन्हा व्हँकूव्हरमध्ये, जीएम प्लेस या हॉकीच्या भव्य सभागृहात. व्हँकूव्हरमध्येच स्थायिक झालेल्या सारा मॅकलॉक्लनने टीव्हीसमोर मानचिन्हांची रास घरी नेली. व्हँकूव्हरच्याच ‘रास्कल्झ’ या हिप-हॉप चमूला ‘कॅश क्रॉप’साठी रॅपचा पुरस्कार होता, पण तो टीव्हीवर दाखवायच्या भागात नव्हता. विभाग खूप, वेळ थोडा. म्हणून पुष्कळसे पुरस्कार कॅमेऱ्याबाहेर उरकले जात, त्यांतच रॅप होता. दरवर्षीच असे. रास्कल्झनी तो घेतला नाही. कृष्णवर्णीयांचं संगीत सोहळ्यात नुसतं नावापुरतं ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. जिंकलेला पुरस्कार, तोही स्वतःच्या गावात, नाकारणं हे हरल्यावर तक्रार करण्यापेक्षा कितीतरी अवघड. स्टॉम्पिन टॉमची आठवण कुणाला झाली असेल की नाही ठाऊक नाही. मला मात्र ही दोन टोकाची माणसं एकाच जातीची वाटतात. प्लायवूडवर पाय आपटणारा कंट्रीवाला आणि टर्नटेबलवर तबकडी घासणारे हिप-हॉपवाले दोघेही एकच विचारत होते, की तुमच्या देशात आमचा देश आहे का?

फरक निकालात पडला. टॉमला अकादमीने उत्तर दिलं नाही. रास्कल्झना दिलं. पुढच्याच वर्षी, मार्च १९९९ मध्ये हॅमिल्टनच्या कॉप्स कोलिझियममध्ये रॅपचा पुरस्कार टीव्हीवरच्या भागात आला. जिंकला तोही रास्कल्झनीच. चेकमेट, कार्डिनल ऑफिशॉल, थ्रस्ट आणि शोक्लेअर या चौघांसोबत केलेल्या ‘नॉर्दर्न टच’ या गाण्यासाठी, आणि ते त्यांनी मंचावर गाऊनही दाखवलं. जॉलींच्या कंपनीला परवाना २००० मध्ये मिळाला आणि ‘फ्लो ९३.५’ पुढच्या वर्षी सुरू झालं. १९९९ मध्येच रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांची टक्केवारी ३० वरून ३५ वर गेली. पुस्तक इथे थांबवायला ही सगळी कारणं पुरेशी वाटली.

तरीही एक गोष्ट या मर्यादेबाहेर जाते आणि ती सांगावीच लागेल. १९९४ मध्ये आदिवासी संगीताचा विभाग सुरू झाला. पहिला विजेता क्री जमातीचा लॉरेन्स मार्टिन. हा विभाग व्हावा म्हणून ज्यांनी आग्रह धरला, त्यांत बफी सेंट-मरी होती. १९९५ मध्ये तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. सस्कॅचेवानमधल्या क्री कुटुंबातली लेक म्हणून देश तिला ओळखत होता. २०२३ मध्ये सीबीसीने तिच्या जन्माची कागदपत्रं पुढे आणली. त्यांनुसार ती अमेरिकेत, गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मली होती. तिने ते आरोप मानले नाहीत. क्री कुटुंबाने आपल्याला दत्तक घेतलं, हे ती पहिल्यापासून सांगत आली आहे, आणि ते कुटुंब तिच्या पाठीशी राहिलं. आपण अमेरिकेची नागरिक आहोत हे मात्र तिने सांगितलं. २०२५ मध्ये अकादमीने तिचे सगळे जूनो आणि हॉल ऑफ फेमचा मान काढून घेतला. पुस्तकातल्या तीस वर्षांत लोक स्वतःहून जूनो परत करत किंवा नाकारत होते. आता जूनोने ते परत मागितले. तिच्यावरचं प्रकरण मी आधी लिहिलं होतं आणि या निर्णयानंतर पुन्हा लिहिलं. निवाडा दिलेला नाही. एका बाजूला आदिवासी गायकांच्या हक्काची जागा दुसऱ्याने घेतल्याची खरी वेदना आहे. दुसऱ्या बाजूला तिने त्यांच्यासाठी उघडलेलं दार अजून उघडं आहे.

शेवटी वाचकासाठी दोन सूचना. शास्त्रीय संगीत, जॅझ आणि लहान मुलांची गाणी यांचे विभाग जूनोत मोठे आहेत, पण इथे ते आलेले नाहीत. त्यांच्यावर लिहिण्याइतका माझा कान तयार नाही. आणि २००० नंतरचं, म्हणजे किरण अहलुवालियाला २००४ मध्ये मिळालेला पुरस्कार किंवा २०२४ मध्ये करण औजला या पंजाबी गायकाला चाहत्यांच्या मतांनी मिळालेला जूनो, यांच्यावर कुणीतरी तरुण माणसाने लिहावं, बहुधा टोरांटोजवळच्या, पंजाबी वस्तीच्या ब्रॅम्प्टनमध्ये राहून. दुसरी सूचना अशी की गाणी ऐकल्याशिवाय पुस्तक वाचू नये. निदान ‘स्नोबर्ड’, ‘सडबरी सॅटरडे नाइट’ आणि ‘नॉर्दर्न टच’ या क्रमाने ऐकावीत. मधलं गाणं पहिल्यांदा कानाला अगदी खडबडीत लागेल. ते तसंच आहे.